दादीची पेटी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)





इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. त्यामुळे मी बोलायला उभा राहिलो की आता पानिपतापासून सुरुवात होणार, अशी धास्ती काही चेहऱ्यांवर दिसते. आज पानिपत नाही. घराच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे किंवा दादीच्या पलंगाखाली जी पत्र्याची पेटी असते, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. आणि त्या पेटीची किल्ली जिच्या कमरेला आहे, त्या दादीविषयी.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी सांगितले, की सुट्टीत आपापल्या घराण्याची माहिती एका पानावर लिहून आणा. पाने आली. बहुतेक पानांवर बादशहा होते. कुणी बाबरापासून निघाले होते, कुणी औरंगजेबापर्यंत पोहोचले होते, आणि शेवटी एक ओळ जोडलेली, "आमचे पूर्वज अरबस्तानातून आले." कोणत्या गावाहून आले, केव्हा आले, कशासाठी आले, याचा मागमूस नाही. एका मुलीने मात्र लिहिले होते, की तिचे परदादा पिंजारी होते. दसरा झाला की पिंजण खांद्यावर टाकून ते खेडोपाडी गाद्या-रजया पिंजायला निघत आणि संक्रांतीच्या सुमारास परत येत. गल्लीच्या तोंडाशी आले की पिंजणाची तात एकदा टणकारत, म्हणजे घरात चूल पेटे. हे तिला तिच्या दादीने सांगितले होते. मी ते पान वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग अगदी शांत झाला. ती मुलगी मात्र मान खाली घालून बसली होती. परदादांचा धंदा सर्वांसमोर उघड झाला, याची तिला लाज वाटत होती.

पालकहो, ही लाज मुलांना शाळेत कुणी शिकवलेली नाही. ती घरातून येते, हे मला आज थोडे कडू असले तरी बोलले पाहिजे. आपण मुलांना बादशहा सांगतो आणि पिंजारी लपवतो. खरे पाहता आपल्यापैकी किती जणांचे पूर्वज तख्तावर बसले होते? आपण पिंजाऱ्यांचे, मण्यारांचे, बागवानांचे, तांबोळ्यांचे, अत्तारांचे, मोमिनांचे, खाटकांचे, गाडीवानांचे आणि शेतमजुरांचे नातू-पणतू आहोत. त्या माणसांनी या वऱ्हाडच्या काळ्या मातीत घाम गाळला, कर्ज काढून मुलींची लग्ने केली, मशिदीच्या बांधकामाला एकेक दगड वाहिला. त्यांच्याविषयी दोन ओळी सांगता येऊ नयेत आणि शाहजहानने ताजमहाल केव्हा बांधला हे तोंडपाठ असावे, हे मला विचित्र वाटते.

बादशहांची नोंद ठेवायला दरबारी माणसे होती. अकबराच्या काळी अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी' लिहिली. तीत वऱ्हाडच्या सुभ्यात 'बासिम' नावाचे सरकार आहे. बासिम म्हणजे आपले वाशीम. या सरकारचा महसूल किती, हे त्यात सापडते. तो महसूल ज्यांनी भरला त्यांतल्या एकाही कुणब्याचे, एकाही विणकराचे नाव सापडत नाही. अबुल फजलाला त्याचा दोष देता येणार नाही. तो दरबाराचा माणूस, त्याने दरबाराचा हिशेब लिहिला.

त्याहून जुनी गोष्ट सांगतो. वाकाटकांच्या काळी वाशीमचे नाव वत्सगुल्म होते, हे आपण पुस्तकात वाचतो. पण वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा इथून राज्य करीत होती, हे विद्वानांनाही फार दिवस ठाऊक नव्हते. १९३९ साली विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट वाशीम येथे उजेडात आला आणि ती शाखा इतिहासात परत आली. तांब्याचे चार पत्रे कुणी टाकून दिले नाहीत, मोडीत घातले नाहीत, म्हणून हे घडले. आपल्या कारंज्याचे पाहा. तिथल्या जैन बांधवांनी मंदिरांतून हस्तलिखित पोथ्या जपल्या, आणि विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांना त्यांतले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादून छापता आले. राजाला तांबे मिळाले, पोथीला मंदिर मिळाले. गाडीवानाची गोष्ट ठेवायला मात्र त्याच्या नातवंडांच्या कानांखेरीज दुसरी जागा नाही.

आता कुणी म्हणेल, की आमच्या नानीने आयुष्यात काय पाहिले? मोहल्ला सोडून ती कुठे गेली नाही. मग हिशेब करू. १९४० साली वाशीमला जन्मलेली एखादी नानी घ्या. ती जन्मली तेव्हा तिचे गाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होते आणि कागदोपत्री वऱ्हाडचा मालक हैदराबादचा निजाम होता. ती दहा वर्षांची झाली तेव्हा तोच प्रांत मध्य प्रदेश झाला. १९५६ साली ती मुंबई राज्यात गेली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आली, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्हा सोडून वाशीम जिल्ह्यात आली. या सगळ्यात नानी उठून कुठे गेली? कुठेच नाही. सरकारेच तिच्या अंगणातून ये-जा करीत राहिली. त्या प्रत्येक वेळी रेशनचे काय झाले, रुपया-आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा बाजारात कशी फसगत होई, कचेरीतली भाषा कधी बदलली, हे नानीइतके चांगले कोणता ग्रंथ सांगेल?

वाशीमहून हिंगोलीच्या रस्त्याने निघाले की कनेरगाव नाका लागतो. आज तिथे बस थांबते, लोक चहा घेतात आणि पुढे जातात. १९४८ पर्यंत हिंगोली म्हणजे वेगळे राज्य होते. तिकडे निजामाचे नाणे 'हाली', इकडचा रुपया 'कलदार'. दोन्हींचा भाव वेगळा, म्हणून तिकडे दिलेल्या मुलीला ईदी पाठवायची तरी आधी हिशेब करावा लागे. आपल्यापैकी काही घरांत अजून तो हाली रुपया असेल. त्याच्यावर चारमिनार आहे. भिंग घेऊन पाहा, चारमिनारच्या कमानीत उर्दू 'ऐन' हे अक्षर दिसेल. उस्मान अली खान या नावाचे ते आद्याक्षर. सराफाकडे नेले तर चांदीच्या वजनाचे पैसे येतील. ते नाणे कुणाच्या मुठीतून, कोणत्या लग्नात, कोणत्या नाक्यावरून अलीकडे आले, ही गोष्ट सराफ तोलून देत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा कसा, अशी शंका सुशिक्षित माणूस काढतो. इतरांना ती शोभेल, आपल्याला शोभत नाही. तोंडी साक्षीची सर्वांत कडक शिस्त जगाला कुणी दाखवली? हदीसच्या विद्वानांनी. इमाम बुखारी इ. स. ८७० मध्ये वारले. त्यांच्या आधी आणि नंतर कितीतरी विद्वान एकेक वचन ऐकण्यासाठी शहरोशहरी भटकले. त्यांनी नुसते वचन लिहिले नाही. अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने आणखी कुणाकडून ऐकले, ही सारी साखळी आधी लिहिली. तिला 'इस्नाद' म्हणतात. साखळीतला माणूस सच्चा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता का, हे तपासले. आणि या साखळीत स्त्रिया आहेत. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आलेल्या आहेत. दादीची गोष्ट म्हणजे हदीस, असा अर्थ माझ्या बोलण्यातून कुणी काढू नये, तौबा! मी केवळ पद्धतीविषयी बोलतो आहे. ज्यांच्या विद्येचा पायाच 'कुणाकडून ऐकले ते सांग' हा आहे, त्यांच्या घरात दादीचे बोलणे वाऱ्यावर जावे, याचे मला नवल वाटते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, लिहिताना पहिली ओळ इस्नादची असू द्या. "माझ्या दादीने मला सांगितले, तिला तिच्या फुफीने सांगितले होते, फुफीने स्वतः पाहिले होते." आणि जिथे साखळी तुटते तिथे सरळ लिहा, की याच्या पुढे ठाऊक नाही. अरबस्तानातून आलेल्या पूर्वजांची साखळी जोडता आली तर अवश्य जोडा. नाही आली, तर तुमचे घराणे मंगरूळपीरच्या किंवा रिसोडच्या एखाद्या खेड्यातून सुरू होते, एवढे लिहायला हरकत कसली?

स्त्रियांच्या गोष्टींवर मला थोडे थांबायचे आहे, कारण त्या सर्वांत आधी पुसल्या जातात. वंशावळीत मुलांची नावे असतात, मुलींच्या जागी रेघ असते. पण दख्खनमधल्या सूफी बुजुर्गांना बायकांच्या आवाजाची किंमत कळली होती. विजापूरच्या परिसरातील सूफींनी दखनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' रचले. जात्यावर बसलेल्या, चरखा फिरवणाऱ्या बाईने कामाच्या लयीत म्हणायची ती गीते. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने त्यांवर लिहिले आहे, आणि दख्खनच्या घराघरांत इस्लामची शिकवण पोहोचण्यात या गीतांचा मोठा हात होता असे त्याचे मत आहे. म्हणजे मोठमोठ्या किताबांनी केले नाही ते जात्याने केले! पुण्याजवळ गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव ओवीबरोबर लिहून ठेवले. इस्नादच की हा!

आपल्या शेजारच्या समाजाकडे पाहा. नागपूरच्या मीनाक्षी मून आणि मुंबईच्या उर्मिला पवार या दोघींनी बाबासाहेबांच्या चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून शोधून गाठले, त्यांच्या तोंडून हकिकती ऐकल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. त्यांतल्या अनेक स्त्रिया आज हयात नाहीत. ते काम तेव्हा झाले नसते तर आज करता आले नसते. आपल्या खाला-फुफींचे असे पुस्तक कुठे आहे? त्यांना विचारायला गेले तर त्या म्हणतात, "हमारा क्या है बेटा लिखने का!" हे त्यांच्या नम्रतेचे बोलणे आहे. आपण ते खरे मानून उठून येतो, हा आपला आळस.

आता पेटी उघडू. पेटीत पहिल्यांदा काय सापडते? निकाहनामा. तो आपण पासपोर्टपुरता शोधतो आणि परत घडी घालतो. तो जरा वाचून पाहा. मेहरची रक्कम आणि तिच्यापुढे 'सिक्का-ए-राइजुल-वक्त', म्हणजे त्या काळी चालू असलेले नाणे. त्या रकमेवरून दोन्ही घरांची ऐपत कळते. वकील कोण, साक्षीदार कोण, त्यावरून मोहल्ल्यात कुणाचे कुणाशी सूत होते ते कळते. सही आहे की अंगठा, त्यावरून शिक्षण घरात कोणत्या पिढीत आले ते कळते. माझ्या दादीच्या निकाहनाम्यावर तिचा अंगठा आहे. माझ्या आईच्या निकाहनाम्यावर उर्दूत थरथरती सही आहे. या दोन कागदांच्या मध्ये आपल्या समाजातल्या स्त्रीशिक्षणाचा सगळा प्रवास आहे, आणि तो समजायला मला बी. एड.च्या कुठल्या पुस्तकाचा उपयोग झाला नाही.

पेटीच्या तळाशी एखाद्या घरी हजची आठवण असेल. आज हाजीसाहेब विमानाने काही तासांत जेद्द्याला उतरतात. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजे जात होती. 'मोहम्मदी', 'अकबर' ही मोगल लाइनच्या जहाजांची नावे जुन्या हाजींच्या तोंडी अजून आहेत. घरातून निघताना माणूस कर्ज फेडी, कहासुना माफ करवून घेई, कफन बरोबर नेई. कारण परत येण्याची खात्री नसे. वाशीमहून मीटरगेजची गाडी, मग मुंबईचा मुसाफिरखाना, मग समुद्र. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी खास नोटा काढल्या होत्या. तशी नोट कुणाकडे असेल तर तिला मोल फार आहे. पण जहाजावर वांतीने बेजार झालेल्या दादांना कुणी लिंबू दिले, ही गोष्ट मला त्या नोटेपेक्षा जास्त हवी आहे.

हे सर्व आजच का बोलतो? २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवा. कोरोनाने आपल्या मोहल्ल्यांतून म्हाताऱ्या माणसांची एक फळीच्या फळी नेली. काहींच्या मय्यतीला चार खांदे मिळणे मुश्कील झाले. त्या माणसांबरोबर काय काय दफन झाले, याची यादी करणेही आता शक्य नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. १९४८ समजत्या वयात पाहिलेली माणसे नव्वदीला टेकली आहेत. १९१८ ची मानमोडी पाहिलेले तर कुणीच उरले नाही; तिच्या केवळ ऐकीव गोष्टी उरल्या, आणि त्या ऐकणारेही पांगत चालले.

१९४८ चे नाव घेतले तेव्हा एक नाजूक गोष्ट बोलून टाकतो. सरहद्दीच्या या पट्ट्यात त्या सालाच्या आठवणी कडू आहेत. रझाकारांच्या जुलमाने घर सोडून अलीकडे आलेली हिंदू कुटुंबे होती. सप्टेंबरातील लष्करी कारवाईनंतर पलीकडे जी कत्तल झाली तिच्यातून वाचून आलेली मुस्लिम कुटुंबेही होती. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी तेव्हा फिरून लोकांच्या साक्षी ऐकल्या. त्यांचा अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाला पाहायलाही मिळाला नाही. अशा आठवणी पुसाव्यात असे माझे मत नाही. मात्र पोरांनी त्या उकरून काढू नयेत. म्हातारे माणूस स्वतः बोलू लागले तर ऐकावे, थांबले तर थांबावे. आणि पाटलाने कोठारात लपवले, शेजारच्या काकूने आपले कुंकू लावून वाचवले, असे काही सांगितले तर तेही तितक्याच काळजीने लिहावे. दोन्ही एकाच दिवशी घडले असेल, तर दोन्ही एकाच पानावर आले पाहिजे.

कसे विचारावे, हे थोडक्यात. "तुमची जीवनकथा सांगा," असे म्हटले की दादा गप्प होतात. पहिली मजुरी किती मिळाली, ती कुणाच्या हातावर ठेवली, असे विचारा. इसवी सन विचारू नका. त्यांचे साल वेगळे असते. दुष्काळाच्या आधी की नंतर? बडे अब्बांच्या निकाहच्या वेळी विहिरीला पाणी होते का? मग साल आपण काढू. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, आवाज भरून घ्या; पण मोबाइल हरवतो, फुटतो, भरला की मुले त्यातले पुसून टाकतात, म्हणून वहीत उतरवा. आणि दादी जशी बोलली तसेच उतरवा. "मेरेकू", "तेरेकू", "काय को", हे तिचे शब्द आहेत. त्यांची शुद्ध उर्दू किंवा शुद्ध मराठी करण्याचा उत्साह दाखवू नका. परीक्षेत मी शुद्धलेखनाचे गुण कापतो, इथे कापणार नाही.

वस्तूंना चिठ्ठी लावा: कुणाची, कुणी दिली, हे कुणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. बाजारात दहा-वीस रुपयांत होते म्हणून पालक हौसेने करतात आणि कागद कायमचा नासतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवला की पुरे. पानदान, सुरमादाणी, रेहल, अडकित्ता, मण्याराची टोपली, घासलेला तराजू भंगारात घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

शाळेच्या ग्रंथालयात यासाठी दोनशे पानी चार वह्या ठेवल्या आहेत. कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे असते. शुक्रवारी जुम्म्यानंतर तीन ते पाच मी तिथे बसतो. कुणाकडे उर्दू शिकस्त किंवा मोडी लिपीतले कागद असतील आणि ते वाचता येत नसतील, तर घेऊन यावेत. उर्दू मी वाचून देईन. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी यायला राजी झाले आहेत. कागद ठेवून घेतला जाणार नाही. तुमच्यासमोर फोटो काढून लगेच परत दिला जाईल. ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांना चालवत नाही त्यांनी नाव आणि गल्ली सांगून ठेवावी; नववी-दहावीच्या मुलामुलींसह आम्ही घरी येऊ. चहाचा आग्रह करू नये, रमजानच्या आत बरीच घरे करायची आहेत.